पिकअपच्या पोटातला आवाज आणि आपला कानाडोळा

धानाची मळणी आटोपली की आपल्याकडचे रस्ते रात्रीही झोपत नाहीत. एके काळी लांजी-किरनापूरच्या बाजूने बैलगाड्यांच्या रांगा निघत. आता चिन्नोर असो की जाड धान, घरून निघालेले बहुतेक कट्टे पिकअपमध्ये चढतात आणि खरेदी केंद्रावर किंवा गिरणीवर उतरतात. आमचे निवासस्थान रस्त्याच्या कडेलाच असल्यामुळे कोणती गाडी कोणाची हे आम्हाला अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून कळते. एक मागून गुणगुणते, दुसरी चढ लागला की टक् करते, तिसरी अशी थरथरत जाते की खिडकीची काच वाजावी. हे असे ओळखू येणेच आम्हाला खटकते. निरोगी गाडीला असा स्वतःचा आवाज नसतो.

शेतकरी बंधूंनो, बैल लंगडू लागला तर तुमच्यापैकी कोणीही त्याच्या मानेवर जू ठेवणार नाही. खूर उचलून पाहाल, पत्री सैल झाली का, काटा रुतला का, खांदा सुजला का हे तपासाल, आणि शेजाऱ्याचा बैल मागून आणाल. मग आठ-नऊ लाखांची, कर्ज काढून घेतलेली पिकअप मागून कण्हू लागली की आपण गाण्याचा आवाज का वाढवतो? हंगाम आहे, उद्या पाहू, असे म्हणून तीच गाडी आणखी दोन महिने भरून पळवतो. आमचे म्हणणे साधे आहे. पहिला आवाज आला त्याच दिवशी भार उतरवावा आणि त्याच दिवशी तो आवाज कागदावर लिहून ठेवावा. पहिली गोष्ट जिवासाठी, दुसरी हक्कासाठी.

हा आवाज येतो कुठून, ते आधी समजून घेऊ. बैलगाडीत चाक नुसते फिरते, ओढणारा बैल पुढे असतो. पिकअपमध्ये मागचे चाक हाच बैल. इंजिनाचा जोर त्याच्यापर्यंत हातोहात पोचतो. आधी क्लच, मग गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या सांध्यांतले क्रॉस, मागच्या एक्सलच्या मधल्या गोल डब्यातले क्राउन-पिनियन, आणि शेवटी दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या एक्सलच्या दांड्या. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ साधारण चौपट होऊन शाफ्टवर येतो आणि क्राउन-पिनियनपाशी तो पुन्हा सुमारे चौपट होतो. म्हणजे चिखलात रुतलेली भरली गाडी काढण्यासाठी इंजिन जोरात फिरवून क्लच एकदम सोडला, तर या सांध्यांवर इंजिनाच्या कितीतरी पट पिळाचा हिसका बसतो. क्रॉसचे तोंड किती लहान असते हे ज्याने पाहिले आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल.

आवाजांची भाषा शिकायला अवघड नाही. गाडी पुढची मागे किंवा मागची पुढे घेताना टक् असा एकच ठोका पडला, तर क्रॉसमध्ये किंवा क्राउनमध्ये ढिलाई आली आहे. क्रॉसच्या कपाभोवती विटकरी रंगाची भुकटी दिसली तर आतले ग्रीस संपून सुया गंजल्या, असे खुशाल समजावे. ठराविक वेगाला अंग थरथरते आणि तो वेग ओलांडला की कमी होते, तेव्हा शाफ्टचा तोल गेलेला असतो, किंवा मधल्या बेअरिंगचे रबर फाटलेले असते. एक्सिलरेटर दाबला की येणारी आणि पाय उचलला की बदलणारी गुणगुण ही क्राउन-पिनियनची. वळणावर एका बाजूला झुकल्यावर वाढणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची, तिचा दोष क्राउनला देऊ नये. आणि इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, वर जळका वास येतो, तर क्लचप्लेट झिजली. बारा-तेरा वर्षांचा पोरगासुद्धा हे ओळखू शकतो, फक्त शेजारी बसून त्याने गाणे बंद केले पाहिजे.

आमच्या भागात या यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. पावसाळ्यात नाल्यांवरचे रपटे भरून वाहतात आणि आपण पाण्यातून गाडी घालतो. वीस-पंचवीस किलोमीटर भरली गाडी चालल्यावर मागचा डबा हात लावू देत नाही इतका तापतो. आतली हवा फुगून वरच्या बारीक श्वासनळीतून बाहेर गेलेली असते. तोच डबा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि डबा बाहेरून ओढू लागतो. श्वासनळी चिखलाने बुजलेली असली, तर तो पिनियनच्या सीलमधून पाणी ओढतो. पुढे डबा उघडला की तेलाच्या जागी ताकासारखे पांढुरके काही निघते. अशा तेलावर आठ दिवस चाललेले क्राउन पुन्हा गुळगुळीत होत नाही. म्हणून रपटा पार केलेल्या आठवड्यात श्वासनळी साफ करणे आणि तेलाचा रंग पाहणे, एवढे तरी करावे. तेल बदलताना स्वस्तात मिळाले म्हणून इंजिनाचे तेल ओतणारेही आम्ही पाहिले आहेत. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. त्यांना त्यांच्याच जातीचे तेल लागते. कंपनीच्या पुस्तकात जे लिहिले असेल, बहुधा जीएल-५ जातीचे, तेच घालावे.

आता भाराविषयी, आणि इथे आपल्याच माणसांना दोन शब्द ऐकवणे भाग आहे. समजा गाडीच्या कागदावर दीड टन माल लिहिला आहे. खरेदी केंद्रावरचा कट्टा ४० किलोचा. म्हणजे ३७ कट्टे झाले की हिशेब संपला. आम्ही मोजले तेव्हा ६५ आणि ७० कट्टे असलेल्या गाड्या आमच्या दारावरून गेल्या आहेत. ७० कट्टे म्हणजे अठ्ठावीस क्विंटल. त्यावर दोन-तीन माणसे. एवढ्या भाराने पाटे सपाट होतात, म्हणून आपण लोहाराकडून किंवा गॅरेजातून आणखी एक-दोन पाटे घालून घेतो आणि गाडी मजबूत झाली म्हणून समाधान मानतो. मजबूत झाले ते फक्त पाटे. शाफ्ट, क्रॉस आणि क्राउन होते तेवढेच राहिले, आणि पाटे बदलल्याने शाफ्टचा कोन बिघडून थरथर मात्र वाढली. शाफ्टला दोन क्रॉस असतात ते एकमेकांची चूक सावरण्यासाठी. कोन बिघडला की ती सावरासावर होत नाही. केंद्रीय मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये आणि वर दर जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. दंड चुकवता येतो हे आम्हालाही माहीत आहे. क्राउनला चुकवता येत नाही.

माल उतरल्यावर तीच गाडी लग्नाला, बाजाराला आणि तेंदूपत्त्याला माणसे नेते, म्हणून हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. २० मे २०२४ रोजी शेजारच्या छत्तीसगडमधील कबीरधाम जिल्ह्यात, बाहपानी गावाजवळ, तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा मजुरांची पिकअप दरीत कोसळली. १९ जणांचा जीव गेला, त्यांत बहुतेक बाया होत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस दिंडोरी जिल्ह्यात पिकअप उलटून १४ जण गेले. बाहपानीच्या अपघातात उतारावर ब्रेक लागले नाहीत असे त्या वेळी सांगण्यात आले. शाफ्टचा या दोन्ही अपघातांशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की घाटात भरली गाडी दोन गोष्टींनी धरलेली असते, ब्रेकने आणि गिअरमधल्या इंजिनाने. बैहरच्या पठारावरून गांगुलपाऱ्याच्या घाटातून बालाघाटकडे उतरताना शहाणा ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो तो याच कारणाने. क्रॉस तुटला किंवा क्राउनचे दात गेले, की इंजिनाचा हात चाकापासून सुटतो आणि सगळा भार आधीच तापलेल्या ब्रेकवर येतो. शाफ्टचे पुढचे टोक सुटून खाली आले, तर ते रस्त्यात रुतून गाडीला उडवूही शकते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे तर हा हात स्वतःच सोडून देतात.

इतके आपल्याला ऐकवले. परंतु प्रत्येक वेळी दोष आपल्या भाराचाच, हे सर्व्हिस सेंटरचे ठरलेले उत्तर आम्हाला मुळीच मान्य नाही. कारखान्यातही चुका होतात, आणि मोठमोठ्या कारखान्यांनी त्या कबूल केल्या आहेत. अमेरिकेत फोर्ड कंपनीने २०२१ च्या डिसेंबरमध्ये आपल्या एफ-१५० जातीच्या सुमारे १ लाख ८५ हजार पिकअप परत बोलावल्या. गाडीखाली चिकटवलेली आवरणे सैल होऊन ॲल्युमिनियमच्या प्रोपेलर शाफ्टला घासत आणि शाफ्ट तुटण्याची भीती होती. तिथेही मालकांना आधी सूचना मिळत होती ती खडखड आवाजाचीच. आपल्याकडे महिंद्रा कंपनीने २०२२ च्या डिसेंबरमध्ये हाताच्या गिअरच्या सुमारे १९ हजार एक्सयूव्ही-७०० आणि स्कॉर्पिओ-एन गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. क्लचच्या बाजूच्या घरातले एक रबरी आवरण नीट मापाचे नसावे, असा संशय होता. त्याआधी २०२१ मध्ये त्याच कंपनीने २९,८७८ पिकअप परत बोलावल्या होत्या. तो दोष द्रव वाहणाऱ्या नळीच्या जोडणीचा होता, तो या साखळीतला नव्हे. कंपनीने स्वतः गाडी बोलावणे हे आम्ही चांगलेच मानतो. पण एवढ्या नामांकित कारखान्यात रबराचा तुकडा चुकू शकतो, तर लांजीच्या शेतकऱ्याच्या पिनियनचे बेअरिंग कारखान्यातच सैल बसले असेल, ही शक्यता ऐकूनही न घेणे हा कुठला न्याय?

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे उदाहरण देतो. नवी पिकअप काही महिन्यांतच चाळीसच्या वेगाला मागून गुणगुणू लागली. ते दोनदा सर्व्हिस सेंटरला गेले, तोंडी सांगितले. दोन्ही वेळा जॉबकार्डावर ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले गेले आणि खाली यांनी सही केली. तिसऱ्या खेपेला क्राउनचे दात गेले, तेव्हा वॉरंटी संपून तीन आठवडे झाले होते. उत्तर आले, ओव्हरलोड. पहिल्या तक्रारीचा एक शब्द लेखी नव्हता, आणि तुटलेले दात गावातल्या गॅरेजातून भंगारात गेले होते. घरधनीण आम्हाला म्हणाली, “फादर, आवाज तर आम्ही सगळ्यांनी ऐकला होता.” ऐकला होता खरा. पण आयोगापुढे आवाज नेता येत नाही, कागद न्यावा लागतो आणि लोखंड न्यावे लागते.

लोखंड बोलते, हे ध्यानात घ्यावे. भाराच्या हिसक्याने गेलेला दात बहुधा मुळापासून एकदम मोडतो, किंवा एक्सलच्या दांडीवरच्या खाचा पिळलेल्या दोरीसारख्या तिरक्या होतात. पाण्याने गेलेल्या दातांवर गंजाचे खड्डे असतात. तेल संपून गेलेले दात तापून निळसर पडतात. आणि कारखान्यात क्राउन-पिनियनची बैठकच चुकली असेल, तर दातांवर घासल्याची चकाकी मधोमध न दिसता एका टोकाला दिसते. जाणकार मिस्त्री दातांना रंग लावून, चाक फिरवून ही बैठक पाहू शकतो. म्हणून तुटलेला भाग हा तुमचा साक्षीदार आहे. गॅरेजात खोलायचाच असेल तर आपल्यासमोर खोलावा, निघालेले तेल बाटलीत धरावे, दातांचे फोटो काढावेत आणि भाग गोणपाटात बांधून घरी आणावा. कंपनी वॉरंटीत बदलून देत असेल तर जुना भाग ती ठेवून घेते. तेव्हा त्याआधीच फोटो घ्यावेत. आणि वॉरंटी चालू असताना बाहेरच्या गॅरेजात डबा उघडूच नये. उघडला की सगळा दोष त्या गॅरेजच्या पान्यावर येतो.

जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहायला लावावी. “४० च्या वेगाला मागून गुणगुण, पाय उचलला की थांबते, इतके किलोमीटर झाले.” तिथला मुलगा म्हणेल, हे लिहायची पद्धत नाही. आपण म्हणावे, मग सही करायची आमची पद्धत नाही. बरोबर शिकलेला मुलगा किंवा मुलगी न्यावी. मोबाइलमध्ये आवाज भरून तारीख राहील असा ठेवावा.

कायदा आता आपल्या बाजूला पूर्वीपेक्षा बराच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम आले. सुरक्षेला धोका असणाऱ्या सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार आता कंपनीला देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर मालकाची तक्रार त्यात धरली जाते. एकट्याच्या तक्रारीने हे घडत नाही, ठराविक प्रमाणात तक्रारी जमाव्या लागतात. म्हणजे एकाच बनावटीच्या गाड्या असणाऱ्या शेतकऱ्यांनी आपापल्या ओट्यावर कुरकुरण्यापेक्षा एकत्र बसून लिहिले तर काही होईल.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. तिथे कंपनीचा पहिला आक्षेप असतो की गाडी धंद्यासाठी घेतली, तेव्हा तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून पुष्कळ जण परततात. परतू नये. स्वतःच्या पोटासाठी, स्वतः राबून वापरलेली वस्तू या अपवादात येत नाही, असे कायदाच सांगतो. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः ट्रक चालवून पोट भरणाऱ्याचे उदाहरणच दिले आहे आणि एक-दोघांची मदत घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नाही, हेही स्पष्ट केले आहे. दहा गाड्या भाड्याने लावणाऱ्याची गोष्ट निराळी. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी २०० रुपये आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून पाहावा.

मात्र मोठ्या आशा धरू नयेत. २००६ मध्ये मारुती कंपनीच्या एका प्रकरणात, जिथे तक्रार क्लचच्याच दोषाची होती, खालच्या आयोगांनी गाडी बदलून देण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बदलला. वॉरंटीत दोषी भाग बदलून देण्याचे वचन आहे, अख्खी गाडी देण्याचे नाही, असा त्याचा आशय. म्हणून नवी गाडी मागण्याच्या नादात वर्षे घालवण्यापेक्षा दोषी भाग, मजुरी आणि हंगाम बुडाल्याची भरपाई मागणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. या मताशी काही वकील सहमत होणार नाहीत. त्यांना हप्ते भरायचे नसतात.

हे पान आरोग्याचेही आहे, तेव्हा गाडीखाली शिरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एक मागचे चाक जॅकवर उचलले असता गाडी गिअरमध्ये आहे म्हणून ती जागची हलणार नाही, ही समजूत जिवावर बेतते. हवेतले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे पुढे जाते. डिफरेन्शियलचे कामच ते आहे. शाफ्ट काढला असेल तर गिअरचा चाकाशी काही संबंधच उरत नाही. जुन्या जीपच्या हँडब्रेकवरही विसंबू नये, कारण तो चाकावर नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असे. शाफ्ट निघाला की तोही गेला. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर, आणि एक्सलखाली लोखंडी घोडी. विटांची चळत नको, वीट भाराखाली न सांगता फुटते. आणि कडेला एक माणूस उभा असावा, लहान मूल नव्हे.

ज्यांच्या गाड्या सात-दहा वर्षांच्या झाल्या, त्यांना कंपनी नाही आणि आयोगही नाही. त्यांच्यासाठी ग्रीसची पिचकारी आहे. क्रॉसला निप्पल असेल तर पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने, जुने ग्रीस चारही कपांतून बाहेर दिसेपर्यंत भरावे. एकाच कपातून येत असेल तर बाकीचे तीन उपाशी आहेत. आणि शाफ्ट काढायची वेळ आली तर मिस्त्रीने हात लावण्याआधी दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर खूण करून घ्यावी. सरकणारा सांधा एक खाच पुढे-मागे बसला, तरी दोन्ही क्रॉस एका रेषेत राहत नाहीत, आणि नवे सामान घालूनही गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरते. मग मालक मिस्त्रीला आणि मिस्त्री दुकानदाराला शिव्या देतो. खूण खडूने करू नये, ग्रीसच्या हाताने पुसली जाते. छिन्नीचा एक हलका टोचा मारून घ्यावा.